पाण्याची उजवी

मिहिका आणि ओजस,

मंगळवारी ओजसने मला फोनवर एक नकाशा पाठवला. आकाशातून काढलेला फोटो आहे. अकोले गावाच्या पुढचा आपला ओढा त्यात हिरव्या दोऱ्यासारखा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन फिकट रेघा वर डोंगराकडे गेल्या आहेत. खाली प्रश्न आहे : "आजी, डिसेंबरमध्ये आलो की फरशीपासून कातळापर्यंत सायकलने जायचंय. लेफ्टने की राइटने?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पस्तीस वर्षं मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कुणी काही विचारलं की कपाट, फळी आणि क्रमांक एका दमात सांगायची मला सवय आहे. पण हा एक प्रश्न असा आहे की तो ऐकला की माझं डोकं अजूनही तापतं, कारण अण्णाआजोबांना मध्ये आणल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्हाला ते आठवत असतील ते मफलर आणि सायकलची घंटा एवढेच. तेव्हा उत्तर शेवटी देते.

अण्णा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, माझे मोठे दीर. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याच्या कडेने सायकलवरून फिरायचं, कुठे भराव खचलाय, कुठे कुणी रात्रीतून पाणी वळवून घेतलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या खात्यात डावं-उजवं माणसाच्या हातावरून ठरत नाही. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. मग उजव्या हाताला येतो तो उजवा तीर आणि डाव्या हाताला येतो तो डावा. माणूस नंतर वर जावो की खाली जावो, तीर बदलत नाही. प्रवरेचा डावा कालवा आणि उजवा कालवा असेच ठरलेले आहेत आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच की अण्णांनी ही पद्धत खात्यात ठेवली नाही. ती त्यांनी घरी आणली.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गावी गेले तेव्हा थोरल्या जाऊबाईंना ताप होता. चहा मी करायला घेतला.

"चहाची पूड उजव्या फडताळात हाय," अण्णा ओसरीवरून म्हणाले.

मी उजवं फडताळ उघडलं. आत खिळे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पांढऱ्या रंगाचा डबा.

"अण्णा, इथे नाही."

"तिथंच हाय."

"इथे खिळे आहेत."

"मग तुमी डावं उघडलंय. मोरीकडं तोंड करा, बाईसाहेब."

घरात सांडलेलं पाणी मोरीकडे जातं. म्हणून मोरीकडे तोंड करून उभं राहायचं, मग डावं-उजवं ठरवायचं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते, जसं कुणीही उभं राहील. आतल्या खोलीतून जाऊबाई तापातच हसल्या आणि म्हणाल्या, "मी पहिली दोन वर्षं साखर शोधत होते."

माझे सासरे शाळामास्तर. घरात बोलणं शुद्ध असावं हा त्यांचा आग्रह. पण अण्णा विशीतच खात्यात लागले आणि सगळं आयुष्य शेतकऱ्यांच्या बांधावर गेलं, त्यामुळे 'आहे'चं 'हाय' झालं आणि 'पाणी'चं 'पानी' झालं. ते सुधारण्याची त्यांना काही गरज वाटली नाही. मी नगरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून पहिल्या दिवसापासून 'बाईसाहेब'. त्या शब्दात मान किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत वेगळं काढता आलं नाही.

दुसरी खोड लिहिण्याची. खात्यात कालव्याकाठच्या दगडांवर पांढऱ्या रंगाने खुणा करतात : 'उ. ती.' म्हणजे उजवा तीर, 'डा. ती.' म्हणजे डावा. अण्णांच्या हातात एकदा कुंचला आला की त्यांना सबंध शब्द लिहिणं म्हणजे उधळपट्टी वाटे. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर एक-दोन अक्षरं आणि पुढे टिंब. तुमची आई मेधा लहानपणी तिकडे जी सायकल चालवायची तिच्यावर 'मे.' माझ्यासाठी वेगळा ठेवलेला पितळी पेला होता, त्याच्या बुडाशी 'बा.' भाकरीच्या डब्यावर 'भ.' आणि भरताच्या डब्यावरही 'भ.' मी एकदा म्हटलं की दोन डब्यांवर एकच अक्षर असेल तर त्या अक्षराचा उपयोग काय. अण्णा म्हणाले, "उघडा की. कळंल." मी ग्रंथालयात काम करणारी बाई. त्या रात्री मला खरंच झोप नीट लागली नाही.

मेधाच्या लग्नात तर कहर झाला. संगमनेरला कार्यालय होतं आणि मागून कालवा जात होता. फाटकाशी पाहुण्यांना वाट दाखवायचं काम अण्णांनी हौसेने मागून घेतलं. वरपक्षाची खोली डावीकडे, जेवणघर उजवीकडे. अण्णांनी कालवा कुणीकडे वाहतो ते पाहिलं आणि प्रसादच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या, आत्या, मावश्या आणि मामांना एका रांगेत थेट आचाऱ्यांच्या कढयांपुढे नेऊन उभं केलं. मी धावत गेले. अण्णांना त्याचं काहीच नव्हतं. "पाव्हनी मानसं हायेत, आधी खाऊ द्या," म्हणाले. प्रसादच्या आत्या अजून ती गोष्ट सांगतात आणि सांगताना त्यांना मजा वाटते. मला वाटत नाही.

जाऊबाई लवकर गेल्या. मूलबाळ नव्हतं. अण्णा त्या तीन खोल्यांच्या घरात एकटेच राहिले, श्रीरामपूरला या म्हटलं तर "तिथं वाहतं पानी न्हाई" म्हणून आले नाहीत. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, आम्ही सगळे दोन दिवस त्यांच्याकडे जायचो आणि एक सकाळ ओढ्याकाठी सायकली चालवायचो. तेवढे दोन दिवस त्यांचं घर भरायचं. दिवाळीचे दिवे उतरवले की ते तयारीला लागत, हे मला शेजारणीने सांगितलं होतं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. फोनवर फक्त विचारायचे, "किती सायकली?" एवढंच. आमच्या तब्येती, प्रवास, काही नाही. किती सायकली.

अकोल्यातल्या एका दुकानातून भाड्याच्या सायकली टेम्पोत घालून यायच्या. अण्णा प्रत्येकीचं चाक अंगठ्याने दाबून बघायचे आणि दुकानदाराला नावं ठेवायचे. त्यांची स्वतःची सायकल काळी, जड, जुन्या पद्धतीची, डायनामोवाली. मफलर कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ. मोबाइल मेधाने घेऊन दिला होता, तो ते बंद करून घरी कपाटात ठेवत, बाहेर नेला तर बॅटरी संपेल म्हणून.

सकाळी आठला निघायचं ठरलं की ते सातला फाटकात घंटा वाजवत उभे. गवतावर दव, ओढ्यावर वाफेसारखं धुकं, दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं, करंज आणि जांभळीची झाडं पाण्यावर वाकलेली. खरोखर सुंदर जागा आहे, ते मी नाकारत नाही. पण अण्णांबरोबर ती सलग बघता येत नसे. दर वळणावर ते थांबत, करंजाचं वाळकं पान पाण्यात टाकत आणि त्याच्या बाजूने सायकल हातात धरून चालत, तोंडाने आकडे मोजत. मग मान डोलावून सांगत, "आज पानी दमानं हाय." ही माहिती घेऊन आम्ही काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तुमचे आजोबा "अस्सं," म्हणत. त्यांचं आयुष्य भावाला "अस्सं" म्हणण्यात गेलं.

आणि पाऊलवाटेवर कुणी "उजवीकडे वळा" म्हणालं की अण्णा मागे वळून विचारत, "कुनाच्या?"

आता त्या सकाळविषयी. मिहिका, तू अकरा वर्षांची होतीस. ओजस सातचा. तोवर आम्ही दरवर्षी फरशीपर्यंतच जात असू. फरशी म्हणजे ओढ्यावरचा तो बुटका सिमेंटचा पूल. तिथेच बसून जेवायचं आणि परत फिरायचं. त्या वर्षी अण्णांनी ठरवलं की पोरं मोठी झाली, आता वर कातळापर्यंत जायचं. दोन ओढे मिळतात तिथे काळा सपाट खडक आहे आणि खडकाखाली डोह. फरशीपासून वर जायला ओढ्याच्या दोन्ही काठांनी वाटा आहेत, पण कातळावर पोचते ती एकच. दुसरी वाडीकडे चढून जाते.

निघताना मी मुद्दाम अण्णांजवळ गेले.

"अण्णा, आज मुलं बरोबर आहेत. आज खात्याचं डावं-उजवं नको. साध्या माणसांचं सांगा."

"बरं, बाईसाहेब."

"नक्की?"

"बरं म्हनलं ना."

ओजस त्यांच्या मागच्या कॅरिअरवर बसला. दोन्ही 'भ.' डबे त्यांच्या हँडलला. फरशीच्या अलीकडे मेधाची चेन पडली आणि प्रसाद ती चढवायला बसला. अण्णांना चुलीची घाई. सायकलवरून न उतरताच म्हणाले, "तुमी या सावकाश. फरशीपासनं उजव्या तीरानं या. मी पोराला घिऊन होतो पुढं, चूल पेटवतो." आणि गेले. धुक्यात ते कोणत्या काठाने गेले ते कुणी पाहिलं नाही. तुमचे आजोबा गुडघ्यामुळे घरीच थांबले होते.

फरशीवर प्रसादने मला विचारलं, "आई, उजवा म्हणजे त्यांचा की आपला?"

"आपला," मी म्हणाले. "सकाळीच बोललेय मी त्यांच्याशी."

आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला चाललो होतो, पाण्याच्या उलट. तेव्हा आमचं उजवं म्हणजे पाण्याचं डावं. मी पुढे आणि माझ्यामागे तुझे आईबाबा आणि तू, असे आम्ही आमच्या उजव्या काठाने निघालो. वाट चढत गेली, ओढा खाली राहिला, मग दिसेनासा झाला. तासाभराने वाडी लागली. एक बाई अंगणात खुरासणी झोडपत होती.

"अण्णांकडे जायचंय," मी म्हणाले. "कातळावर."

"अन्नाभाऊ? ते तर पल्याड हायेत. मघाशी धूर दिसला. तुमी आल्याडनं कशाला आले?"

"त्यांनी उजव्या तीराने यायला सांगितलं."

"मंग बरुबर सांगितलं की. उजवा त्योच," ती म्हणाली आणि पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं.

तिने शेतातून खाली उतरायची वाट दाखवली. आम्ही सायकली तिथेच टाकून उतरलो आणि झाडीतून डोहाच्या काठी निघालो, चुकीच्या काठावर. समोर, वीसेक पावलांवर, कातळ होता. अण्णा आमच्याकडे पाठ करून चुलीत फुंकत होते. ओजस खडकावर बसून पाण्यात खडे टाकत होता. मेधाला इतकं हायसं वाटलं की तिने मोठ्याने हाक मारली.

ओजस, तू उठलास, "आई" म्हणालास आणि सरळ आईकडे चालायला लागलास. मध्ये पाणी आहे याचं तुला काही वाटलं नाही, कारण ते पाणी इतकं शांत होतं की जमिनीसारखं दिसत होतं. दुसऱ्या पावलाला तू दिसेनासा झालास.

आम्ही चौघं या काठावर होतो आणि आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हतं. प्रसाद पाण्यात घुसला, गळ्याइतक्या पाण्यात गेला आणि थांबला. अण्णा तोवर बुटांसकट, हातातल्या फुंकणीसकट आत गेले होते. अडुसष्ट वर्षांचे होते ते. त्यांनी तुला स्वेटरच्या मानेला धरून वर काढलं. हे सगळं किती वेळात झालं ते मला सांगता येणार नाही. तू खोकलास आणि मग रडलास, तेव्हा मी खाली बसले.

तुझ्यापर्यंत पोचायला आम्हाला परत फरशीपर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने वर यावं लागलं. त्या सबंध वाटेवर मेधा मला मागे टाकून पुढे चालत राहिली. फरशीखालून पाणी जाण्याच्या नळीशी तुझी लाल कानटोपी येऊन अडकलेली होती. आमच्या आधी ती पोचली होती.

कातळावर आलो तेव्हा तू अण्णांनी चुलीपाशी आधीच काढून ठेवलेल्या वरच्या शर्टात, मफलरमध्ये गुंडाळलेला, भरीत-भाकरी खात होतास. अण्णा ओल्या कपड्यांत चुलीजवळ बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते.

"मी सकाळी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी म्हणाले.

"मी तीर म्हनलो, बाईसाहेब. तीर पान्याचा असतो. तुमचं सांगायचं असतं तर उजव्या हातानं या म्हनलो असतो."

भाषेच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं, हे मला त्या क्षणीही कळलं. तेच मला सहन झालं नाही. "चुकलो" एवढा एक शब्द त्या माणसाने म्हणायला हवा होता. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "यापुढे मुलं तुमच्याबरोबर ओढ्यावर येणार नाहीत."

अण्णांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि ओजसच्या ताटात वाढली.

फरशीवर "आपला" कोण म्हणालं होतं, ते त्या दिवशी कुणी काढलं नाही. प्रसाद सज्जन आहे. मीही काढलं नाही.

पुढच्या डिसेंबरला अण्णांचा फोन आला. "किती सायकली?" तुमच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "या वर्षी नको, अण्णा," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी, तोवर कॅनडाला राहायला गेलेले तुम्ही सुट्टीला आलात, तेव्हा आम्ही तुम्हाला गाडीने भंडारदऱ्याला नेलं, हॉटेलात उतरलो, धरण पाहिलं, बोटीत बसलो. सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा एसटीने तिथे आले. पिशवीत हरभऱ्याचे डहाळे आणि भुईमुगाच्या शेंगा. हॉटेलच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी तुम्हाला घाटे सोलून दिले. जाताना तुमच्या आजोबांना म्हणाले, "सायकलीला त्याल घालून ठिवलंय. आपलं, सांगून ठिवतो." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला सांगायचं नव्हतंच ते, असं त्यांना दाखवायचं होतं, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलले होते. असला माणूस.

तिसऱ्या डिसेंबरला तुमचे आजोबा म्हणाले, "मी चाललोय अण्णाकडे. गुडघ्याचं काय व्हायचं ते होईल. तू येणार असशील तर ये." एरवी कधी असं बोलत नाहीत. मी गेले.

अण्णा खूप उतरले होते. दोन पावलं चालले की थांबत. तरी सकाळी सातला फाटकात घंटा. फरशीपर्यंत सायकल हातात धरून चालत आले, एकदाही सायकलवर बसले नाहीत, एकही पान पाण्यात टाकलं नाही. फरशीवर कठड्याशी सायकल टेकवून म्हणाले, "तुमी दोघं जा वर. मी हितंच बसतो."

"कोणत्या बाजूने?" मी विचारलं. चांगलंच तिरकस विचारलं.

"दिसंल," ते म्हणाले.

वाट जिथे दोन्ही काठांना फुटते तिथे गुडघ्याएवढा एक दगड रोवलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'बा. डा.'

"हे काय आहे?" तुमचे आजोबा म्हणाले.

मी पेल्याच्या बुडाशी ते 'बा.' तीस वर्षं वाचलेलं होतं. बाईसाहेबांची डावी.

आम्ही डाव्या काठाने निघालो. म्हणजे माझ्या डाव्या. जिथे जिथे वाटेला फाटा फुटत होता तिथे दगड होता. 'बा. डा.' शेताकडे वाट जाते तिथे 'बा. डा.' गुरं पाण्यावर उतरतात तिथे 'बा. डा.' मोजले तर आठ दगड. कातळावर, डोहाच्या कडेला, नववा दगड होता, त्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा सबंध शब्द लिहिला होता : 'खोल'. टिंब न देता.

आम्ही तिथे फार बसलो नाही. परत फिरलो, आणि मग मला दिसलं की दगडांच्या दुसऱ्या बाजूलाही रंग आहे. त्यांनी येतानाचाही विचार केला होता. उलट वळलं की माणसाची डावी उजवीकडे जाते, हे ज्या माणसाने चाळीस वर्षं मान्य केलं नाही, त्याने प्रत्येक दगड दोन्ही बाजूंनी रंगवला होता, धापा टाकत, माझ्या हट्टापायी. पण त्या बाजूला 'बा.' नव्हतं. नुसतं 'उ.' होतं. आठही दगडांवर. मला वाटलं, हा माणूस अर्धं काम करून कंटाळला. मला चक्क राग आला.

फरशीवर अण्णा आमच्याकडे पाठ करून कठड्यावर बसले होते, पाणी जाताना बघत. मफलर, हनुवटीखाली गाठ. मी सायकलवरून उतरले.

"अण्णा, जाताना 'बा. डा.' आहे. येताना नुसतं 'उ.' का? 'बा.' कुठे गेलं?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, जसं अवघड जागचं पाणी बघायचे तसं.

"येताना तुमी पान्यासंगं येता, बाईसाहेब. तवा तुमची उजवी आन् पान्याची उजवी येकच. मग येगळं कशाला लिव्हायचं. रंग फुकट जातो."

तुमचे आजोबा "अस्सं," म्हणाले.

मी अण्णांच्या शेजारी कठड्यावर बसले. तसं मी कधी बसत नसे. मला म्हणायचं होतं ते वेगळं होतं. फरशीवर 'आपला' असं मीच म्हणाले होते, हे. पण इतकी वर्षं ज्याच्यावर वैतागले त्याच्याशी असलं काही बोलायची सवय लागत नाही. मी म्हणाले, "पुढच्या डिसेंबरला मुलं येतील. मी मेधाशी बोलते."

"किती सायकली?" अण्णांनी विचारलं.

"सहा."

"सात," ते म्हणाले. "माझी धरून."

त्यांनी खिशातून करंजाचं वाळकं पान काढलं आणि पाण्यात टाकलं. ते फरशीखाली गेलं. पलीकडे निघालेलं बघायला ते कष्टाने उठले आणि दुसऱ्या कठड्याकडे निघाले, मोजत. आम्ही सायकली न्यायला आलेल्या टेम्पोकडे जायला वळलो तेव्हा ते तिथे वाकून उभे होते आणि पान अजून आलेलं नसावं, कारण त्यांनी आम्हाला निरोप देण्यासाठी हात वर केला तो मागे न बघताच.

उन्हाळ्यात, ओढा आटलेला असताना, अण्णा गेले. त्यानंतर तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा मे महिन्यात, आणि ओढ्यावर जायचा विषय मी काढला नाही.

ओजसचा नकाशा आल्यावर परवा मी आणि तुमचे आजोबा जाऊन बघून आलो. नऊपैकी सहा दगडांवरचं अजून वाचता येतं. एक पुरात गेला, एक कुणीतरी बांधात घातलाय, एकाला म्हैस बांधलेली असते आणि तिने अंग घासून रंग घालवलाय. डोहाजवळचा 'खोल' शाबूत आहे, आणि त्याच्या पुढे तुम्ही दोघांनी जायचं नाही. अण्णांची सायकल शेजारणीकडे आहे, चालते. ओढ्याला पाणी आहे.

तेव्हा ओजस, तुझं उत्तर. जाताना डावीकडून. येताना उजवीकडून.